अनंत चतुर्दशीचा डंख, पितृपक्षातली खाज

अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेला राजा गिरगावच्या चौपाटीला पोचतो तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर. भायखळा, नागपाडा, प्रार्थना समाज, ऑपेरा हाऊस असा रात्रभराचा प्रवास. चिंचपोकळी-परळकडचे मोठे गणपती, खेतवाडीच्या गल्ल्यागल्ल्यांतले गणपती आणि १८९३ पासून उत्सव जपणाऱ्या केशवजी नाईकांच्या चाळीतली साधी पालखी, सगळे शेवटी त्याच वाळूवर येतात. १९२० साली लोकमान्यांना निरोप दिला तीही हीच वाळू. त्यांचा पुतळा तिथं उभा आहे आणि दरवर्षी सगळी गर्दी त्यांच्या समोरूनच पाण्यात उतरते.

उतरतात ते बहुतेक पुरुष आणि पोरं. आपण बायका आरतीचं तबक सांभाळत कोरड्या वाळूवर थांबतो, नाहीतर ठाकुरद्वारच्या गॅलरीतून मिरवणूक बघतो. घरचा छोटा गणपती असला तर दीर किंवा थोरला मुलगा कमरेएवढ्या पाण्यात जातो, तीनदा बुडवतो आणि रिकामा पाट घेऊन परत येतो. पाटावर ओली वाळू असते. ती आपण घरी आणून ठेवतो, प्रसादासारखी. पायाला चिकटलेली, चड्डीच्या घडीत साठलेली वाळू वेगळीच. ती दुसऱ्या दिवशी मोरीत निघते.

कधी कधी मात्र समुद्र आणखीही काही बरोबर देतो, आणि ते मोरीत निघत नाही. आज लिहायचं आहे ते त्याबद्दल.

२०१३ सालच्या सप्टेंबरात दीड दिवसाच्या गणपतींचं विसर्जन चालू असताना गिरगाव चौपाटीवर एकाएकी आरडाओरडा झाला. एकेक माणूस पाय धरून पाण्याबाहेर येऊ लागला. घोट्याजवळ जखम, रक्त आणि जीव घाबरा करणारी आग. त्या संध्याकाळी ५०हून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. पाण्यात काय आहे ते कुणालाच दिसत नव्हतं, त्यामुळे घाबरगुंडी अधिक. ते होते पाकट मासे. तेव्हापासून विसर्जनाच्या आधी महापालिका पाकट आणि जेलीफिश यांच्याबद्दल सूचना काढते आणि चौपाट्यांवर प्रथमोपचाराची सोय ठेवते. आपण मात्र ती सूचना वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटून मोदकांच्या पाककृतीकडे जातो.

पाकट आपल्याला अनोळखी नाही. चिराबाजारात नाहीतर दादरच्या मासळी बाजारात त्याचे तुकडे पाटीत मांडलेले असतात. तिखट कालवण करणारी घरं गिरगावात पुष्कळ. पण त्याची शेपटी आपण कधी पाहत नाही. मी एकदा नेहमीच्या कोळीणमावशींना विचारलं, तर त्या कोयता खाली न ठेवताच म्हणाल्या, "शेपटी कशाला बघते बाय? काटा होडीवरच मोडून टाकतात. तो हाताला लागला तर दिवसभर बोंबलायची पाळी." शेपटीवरचा तो काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि त्यावरच्या पातळ कातडीत विष असतं. पाकट उगीच कुणावर धावून जात नाही. तो उथळ पाण्यात वाळूत अंग पुरून पडलेला असतो. त्याच्यावर पाय पडला की शेपटी वर उसळते आणि काटा घोट्यात घुसतो. विसर्जनाच्या दिवशी अनवाणी पाय किती असतात ते सांगायला नको.

दुसरा पाहुणा जेलीफिश, आणि तिच्यासारखीच दिसणारी ब्लू बॉटल. ही निळसर, फुगवलेल्या छोट्या पिशवीसारखी वस्तू पाण्यावर तरंगते. पावसाळ्यातल्या नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूसह मुंबईच्या किनाऱ्यांवर या निळ्या पिशव्यांचा सडा पडला होता आणि कितीतरी जणांना डंख झाले होते. पिशवी दिसायला टिचभर, पण तिच्याखाली कित्येक मीटर लांबीचे बारीक धागे लोंबत असतात. त्या धाग्यांवर हजारो सूक्ष्म कुप्या. प्रत्येक कुपीत गुंडाळलेली विषारी सुई. धागा कातडीला नुसता घासला तरी या कुप्या फुटतात आणि चाबूक ओढल्यासारखा लाल वळ उठतो. वाळूवर मरून पडलेली ब्लू बॉटलसुद्धा डंख करू शकते, म्हणून पोरांना ती काडीनेही उचलू देऊ नये.

त्या क्षणी काय करायचं, ते आधी सांगते, कारण पुढचं पुष्कळसं त्यावर अवलंबून आहे.

पाकटाचा काटा लागला असेल तर जखम धुऊन पाय गरम पाण्यात बुडवून ठेवावा. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. या विषाचा जोर उष्णतेने कमी होतो आणि ठणका उतरतो. पाणी सोसवेल इतकंच गरम, म्हणजे ४५ अंशांच्या वर नाही. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी आपण कोपर बुडवून बघतो ना, तसंच बघायचं आणि बाळाच्या पाण्यापेक्षा थोडं जास्त गरम ठेवायचं. पण बघायचं ते आपल्या कोपराने. ज्याचा पाय ठणकतो आहे त्याला गरम किती ते कळत नाही आणि पाय पोळतो. खोल रुतलेला काटा घरी उपसू नये. छातीत किंवा पोटात लागला असेल तर मुळीच हात लावू नये, थेट इस्पितळ गाठावं. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावं.

ब्लू बॉटल किंवा जेलीफिशचा डंख असेल तर तो भाग समुद्राच्याच पाण्याने धुवावा आणि चिकटलेले धागे चिमट्याने उचलून काढावेत. नळाचं पाणी लगेच ओतू नये, वाळूने चोळू नये, टॉवेलने पुसू नये. या तिन्हींमुळे न फुटलेल्या कुप्या फुटतात. सगळे धागे निघाले की मग गरम पाण्याचा शेक वीसेक मिनिटं. गरम पाणी नसेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. चुना, टूथपेस्ट, हळद, आणि कुणी तरी हमखास सुचवतं ती लघवी, यातलं काहीही नको.

आता मूळ मुद्दा. वेदना उतरते, वळ फिका पडतो, घरातली मखर निघते, रोषणाईच्या माळा गुंडाळून माळ्यावर जातात. आठ-दहा दिवस सरतात. पितृपक्ष लागलेला असतो, सासूबाईंच्या मागे तिथीची तयारी चाललेली असते. आणि एका सकाळी मुलगा पोटरी दाखवत येतो. जिथं वळ होता नेमक्या त्याच रेघेवर बारीक लाल पुटकुळ्या उठलेल्या, कातडी जाडसर झालेली आणि खाज अशी की रात्री झोप नाही.

समुद्राचा तर आता काही संबंध नाही, असं आपण समजतो. मग घरात ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. कुणी म्हणतं सुरणाची भाजी बाधली. कुणी म्हणतं नायटा आहे, औषधाच्या दुकानातून मलम आण. एखादी आजी हळूच म्हणते, कुठल्या तरी पितरांचं राहून गेलं असेल, महिना तसाच आहे. आमच्या शेजारच्या वहिनींकडे असंच झालं होतं. दुकानदाराने दिलेलं मलम तीन आठवडे लावलं, वरून कडक सोवळं पाळलं आणि पोर तसंच खाजवत राहिलं. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पायावरची तिरपी रेघ बोटाने आखून दाखवली आणि विचारलं, "हा समुद्रात गेला होता का?" तेव्हा सगळ्यांना चौपाटी आठवली.

मैत्रिणींनो, याचं कारण समजायला डॉक्टर व्हायला नको. टिकलीचं उदाहरण घ्या. नवीन टिकलीचं पाकीट आणलं, पहिले काही दिवस काही होत नाही. मग एक दिवस कपाळावर खाज सुटते, आणि पुढे तीच टिकली लावली की दोन दिवसांत तिथं लाल चट्टा. खोट्या कानातल्यांचंही तसंच. कानाची पाळी आधी गप्प असते, मग एकदा का रुसली की पुन्हा ते कानातलं चालवून घेत नाही. शरीर परक्या पदार्थाची ओळख करून घेतं, त्याला वेळ लागतो. ओळख पटली की त्या जागी पहारेकरी पेशी गोळा होतात आणि तिथं सूज, खाज, पुटकुळ्या येतात. बाळाला जन्मल्यावर बीसीजीची लस टोचतात, तेव्हा दंड साफ दिसतो आणि दोन-चार आठवड्यांनी तिथं गाठ वर येते. आपण घाबरत नाही, कारण नर्सबाईंनी आधीच सांगितलेलं असतं.

समुद्री डंखाचं मात्र आधी कुणी सांगितलेलं नसतं. त्या कुप्यांतल्या विषाचा अंश कातडीत राहतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध उशिरा उठतं. कधी दोन-तीन दिवसांनी, बहुतेकदा एक-दोन आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा. काहींना तर ते बसतं आणि पुन्हा उठतं, असं दोन-तीनदा होतं. म्हणून भाद्रपदातल्या चौपाटीचं दुखणं थेट घटस्थापनेपर्यंत पुरतं. तो नायटा नाही, संसर्गही नाही. एकाच्या अंगावरून दुसऱ्याला लागत नाही. पोराचा टॉवेल वेगळा करायला नको, त्याला पंगतीतून उठवायला नको, आणि पितरांनाही मध्ये ओढायला नको.

पाकटाचं उशिरा दुखणं वेगळं असतं, दोन्हींची गल्लत करू नये. काट्याचा किंवा त्यावरच्या कातडीचा तुकडा आत राहिला तर जखम वरून भरते आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सुजते, ठणकते, पाणी धरते. तिथं खाजेचं मलम उपयोगाचं नाही. एक्स-रे काढून तुकडा शोधावा लागतो. थोडक्यात, खाज सुटली तर बहुधा ॲलर्जी. ठणका, पू किंवा ताप आला तर आत काही तरी राहिलं आहे. घरात मधुमेह असलेलं माणूस असेल तर दुसऱ्या प्रकारात एक दिवसही थांबू नये.

हे दुखणं आता चौपाटीपुरतं राहिलेलं नाही. दादरहून रात्री कोकणात जाणारी गाडी पकडून कुडाळला उतरायचं आणि मालवण-तारकर्लीला जायचं, ही आपल्याकडच्या मुलांची नवी आवड आहे. आपल्या लहानपणी मालवणला जायचं ते आजोळी. आता जातात ते पाठीवर हवेची नळकांडी बांधून समुद्राच्या तळाशी मासे बघायला. १९८७ साली तिथला समुद्र अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि पुढे तारकर्लीला पर्यटन महामंडळाची पाणबुडी शिकवणारी संस्थाही निघाली. नवी सूनबाई नवऱ्याबरोबर जाते, फोटो पाठवते, आपणही कौतुकाने बघतो. बघावेतच, ते जग सुंदर आहे.

पण तिथल्या खडकांवरही डंख करणारे जीव वसतात. पिसासारखी दिसणारी, झाडपाल्यासारखी वाटणारी हायड्रॉइड नावाची जात असते. तिला हात घासला तर तेव्हा थोडं चुरचुरतं आणि खरी पुरळ काही तासांनी उठते, कधी घरी परतल्यावर. साळिंदरासारखे काटे असलेल्या सी अर्चिनवर पाय पडला तर काटे आत मोडतात आणि दोन-तीन महिन्यांनी तिथं टणक गाठी येतात. आणखी एक प्रकार खास आपल्या कामाचा. समुद्रातली काही अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी पिल्लं पोहण्याच्या पोशाखात अडकतात. मग पुरळ उठते ती उघड्या अंगावर नव्हे, तर पोशाखाच्या आत, कमरेच्या पट्ट्याखाली नाहीतर काखेत. अंग ओलं असताना पोशाख तसाच ठेवून वर गोडं पाणी घेतलं की ती आणखी भडकते. असा पोशाख आधी उतरवावा, मग आंघोळ करावी. पोशाख गरम पाण्यात साबण घालून धुवावा आणि कडक उन्हात वाळवावा. नुसता झटकून पुन्हा घातला तर वाळलेल्या कुप्याही पुन्हा डंख करतात.

दुसऱ्या डंखाची गोष्ट तर जगाच्या वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहे. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ याच ब्लू बॉटलच्या कुळातल्या जीवाचं विष तपासत होते. परतल्यावर त्यांनी पॅरिसमध्ये एका समुद्रफुलाचं विष घेऊन कुत्र्यांवर प्रयोग केले. कल्पना अशी की थोडं थोडं विष दिलं की प्राण्याला त्याची सवय होईल. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेल्या नेपच्यून नावाच्या कुत्र्याला तीन आठवड्यांनी पुन्हा डोस दिला, तर तो अर्ध्या तासाच्या आत दगावला. शरीराला सवय झाली नव्हती, ते चिडलं होतं. या प्रकाराला त्यांनी अ‍ॅनाफिलॅक्सिस असं नाव दिलं आणि १९१३ साली रिशेंना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. आज पेनिसिलिनची, शेंगदाण्याची, मधमाशीची ॲलर्जी ज्या नावाने ओळखली जाते, ते नाव असं समुद्राच्या डंखातून निघालं.

खाजरी पुरळ आणि हे जीवघेणं संकट एकच नव्हे, हे लक्षात ठेवा. पुरळ उशिरा येते आणि त्रास देऊन जाते. संकट काही मिनिटांत येतं. पण दोन्हींचा धडा सारखाच. ज्याला एकदा डंख झाला, त्याला सवय झाली असं समजू नये. "गेल्या वर्षी लागलं होतं, काही झालं नाही," असं म्हणून जो दरवर्षी पुढे होऊन मूर्ती धरतो, त्यालाच यंदा घरच्यांनी मागे थांबवावं. पुन्हा डंख झाला आणि श्वास कोंडला, ओठ-चेहरा सुजला, अंगभर गांधी उठल्या, उलटी किंवा चक्कर आली, तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करावा नाहीतर सरळ इस्पितळात न्यावं.

आपल्या भागाचं एक भाग्य आहे. मुंबई सेंट्रलला नायर, परळला केईएम, भायखळ्याला जे. जे. गिरगाव ते लालबाग या टापूत कुठंही राहा, मोठं सार्वजनिक इस्पितळ दूर नाही आणि तिथं त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. केसपेपर काढून रांगेत बसण्याची तयारी हवी, एवढंच. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य हे सांगायचं: "अमुक तारखेला हा समुद्रात गेला होता, इथं डंख झाला होता." डॉक्टरांना तारीख मिळाली की निम्मं निदान होतं. नाहीतर लालसर, खाजरा चट्टा बघून नायट्याचं औषध सुरू होण्याचा संभव असतो.

औषध सहसा साधंच असतं. खाजेवर गोळ्या आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचं स्टिरॉइड मलम, ठरावीक दिवसच. तेच मलम पुढे चेहऱ्याच्या काळ्या डागांवर किंवा बाळाच्या लाल झालेल्या मांड्यांवर वापरू नये. आपल्या सावळ्या कातडीवर पुरळ गेल्यावर काळपट रेघ राहते, ती काही महिने टिकते. लग्नाच्या मुलीच्या हातावर अशी रेघ दिसली की घरात काळजी सुरू होते आणि लिंबू, बेसन, दगडाने घासणं असे उद्योग चालतात. घासल्याने ती आणखी काळी होते. ऊन टाळावं, तेल-लोशन लावून कातडी मऊ ठेवावी, ती आपोआप फिकी पडते.

यंदा विसर्जनाला निघताना पिशवीत अक्षता, खिरापत आणि कापराच्या डबीबरोबर एक चिमटा टाका. पाण्यात उतरणाऱ्याला जुने कॅन्व्हासचे बूट किंवा गमबूट घालायला लावा. देवाला निरोप देताना पायात बूट कसे, असं सासूबाई म्हणतील, त्यांना पाकटाच्या काट्याचं वर्णन सांगा. पाण्यात पाय उचलून टाकू नये, वाळूवरून सरकवत न्यावेत, म्हणजे लपलेला पाकट आधीच निघून जातो. लहान मुलांना पाण्यात नेऊच नये. घरचा गणपती लहान असेल तर जवळचा कृत्रिम तलाव आहेच. शाडूची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित करणाऱ्या चाळी गिरगावात आता कमी नाहीत.

आणि घरी आल्यावर कालनिर्णयावर त्या तारखेला पेन्सिलीने छोटीशी खूण करा. आपण गॅस सिलिंडरची तारीख लिहितो, दुधाचे खाडे लिहितो, तशीच "उजवा पाय, डंख" एवढी नोंद. पितृपक्षात कुणी पोटरी खाजवत आलं, तर ती खूण डॉक्टरांना दाखवायला कामी येईल.